दिनकररावांचा समुद्र

कंदील जरा बारीक करा रे पोरांनो, डोळ्यांवर येतोय. लाइट काही आज येत नाही. तर ही ऐकीव थाप नव्हे. परभणीचे दिनकरराव माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे.

साल सत्त्याऐंशी. सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी ते स्टेशनवर पाण्याचे डबे आणायला गेले होते. पाणी साधं नव्हे, समुद्राचं. मुंबईचा मेहुणा भरून धाडायचा. बैठकीत त्यांनी मोठी काचेची पेटी मांडली होती आणि तिच्यात समुद्रातले रंगीत मासे पाळले होते. गल्ली हसायची, गळ्यात माळ आणि घरात मासळी म्हणून. पण त्या माशांवर त्यांचा पोटच्या पोरांसारखा जीव.

आणि महिनाभर मासे गायब होत होते. मेलेला सापडावा तर तेही नाही. काटा नाही, खवला नाही. दगडांत खेकडा दडला असेल म्हणून त्यांनी सगळे दगड काढून घासले. झाकणावर पाटा ठेवला. तरी मासा जायचाच. आता एकच उरला होता, पिवळ्या पट्ट्यांचा. त्याला वाचवायचंच, असं त्यांनी मनाशी धरलं.

"मांजरच असंल," म्हणत त्यांनी त्या रात्री पेटीभोवती पीठ पसरलं, पाऊल उमटावं म्हणून.

त्यांच्या मंडळी कुसुमबाई दारातच थबकल्या. "अवो, मामंजी गेले तवा दिव्यापाशी असंच पीठ पसरलं होतं आपण."

"काहीबी बोलू नको. जा, झोप."

बोलले खरे, पण मनात चर्र झालं. मामंजी म्हणजे दिनकररावांचे वडील, आश्रुबा. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या गोदीत गेली, मासळीशिवाय घास उतरायचा नाही. शेवटच्या दुखण्यात पेटीकडं बोट करून म्हणायचे, "दिनू, लय मन व्हायलंय रं. एक तळून दे की."

"माझ्या घरात न्हाई, आबा." दिनूनं वरणभात भरवला. म्हाताऱ्यानं तो थुंकून टाकला. त्याच आठवड्यात गेले. पुढचा दात उडालेली त्यांची कवळी दिनकररावांनी अस्थींबरोबर स्वतःच्या हातानं गंगाखेडला गोदावरीत सोडली. आणि आज सर्वपित्रीला दुपारी त्यांच्या श्राद्धाच्या पानावरसुद्धा खीर आणि वडेच होते.

दिवा मालवून ते खुर्चीत बसले. बारा वाजून गेले.

आधी वास आला. उन्हात राहिलेल्या मासळीचा. मग त्यात आजारी तोंडाची घाण मिसळली. त्यांनी टॉवेल नाकाला लावला. वास टॉवेललाही येत होता.

मग आवाज.

कच्... कच्...

कुणीतरी चावत होतं. चावता चावता चोखत होतं. ओलं, लाळेचं, मिटक्या मारत. दिनकररावांना शिसारी आली आणि त्या शिसारीची लाजही वाटली. ते चोखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"आबा...?"

आवाज थांबला.

...

मग एक ढेकर. लांब. समाधानाची.

त्यांनी बॅटरी लावली. पीठ जसंच्या तसं. पाटा जागेवर. पेटीतलं पाणी मात्र गढूळ झालेलं. वर तुपाचा तवंग. त्यात खिरीची शितं आणि वड्याचे तुकडे तरंगत होते. चावलेले. थुंकलेले.

दिनकरराव तिथंच भडाभडा ओकले. तोंड पुसून पुन्हा वाकले. मासा शोधायला...

गाळ हळूहळू खाली बसला.

वाळूत काहीतरी गुलाबी दिसलं.

कवळी. वरची, खालची, घट्ट मिटलेली. पुढचा एक दात नाही. आणि त्या फटीतून बाहेर आलेली पिवळ्या पट्ट्यांची शेपटी...

शेपटी अजून हलत होती.