ओळ मोडायची नाही

या, दिव्याजवळ सरकून बसा. मी पथक का बंद केलं, असं सगळेच विचारतात. वेळ मिळत नाही, असं सांगून मी मोकळी होते. तुम्हाला खरं सांगते.

त्या दिवशी संध्याकाळी मी समोरच्या शिवणकाकूंकडे नवे गणवेश आणायला गेले होते. दूर देशी शिकून परत आल्यावर नोकरी शोधायच्या आधी मी इथल्या मुलांचं स्काउट पथक पुन्हा उभं करायला घेतलं होतं. वेळ पाळणं, शब्द पाळणं, न सांगता दुसऱ्याच्या उपयोगी पडणं, एवढं जरी मुलांच्या अंगात मुरलं तरी सगळं बदलेल, असं मी भेटेल त्याला ऐकवायचे. लोक मला पाहून रस्ता ओलांडायला लागले होते.

"इतकं शिकलीस ते पोरांना दोरीच्या गाठी शिकवायला?" काकू दातांनी दोरा तोडत म्हणाल्या.

"गाठी नाही हो काकू, माणसं घडवायची आहेत."

"घडव बाई, घडव. आधी त्यांना सदरा आत खोचायला शिकव. आणि खिशांना दुहेरी शिलाई घातलीय, बघून घे. दगडगोटे भरतात मेले. माझा भरायचा."

मी गणवेश मोजायला घेतले. काकूंचा मुलगा जुन्या पथकाचा संघनायक होता, आणि ते पथक चालवायची माझी आत्या. मी दूर शिकत असताना पूर आला. आत्याने मुलांना नदीपलीकडच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना मदत करायला पाठवलं आणि लाकडी पूल वाहून गेला. एकही मूल परत आलं नाही. कोणाचं काही सापडलंही नाही. दारासमोर दार असून काकू त्यानंतर आत्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी गठ्ठा घेऊन घरी आले. आत्या पडून होती. मला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं. महिन्याभरापूर्वी तिचा घसा बसला, मग आवाज पार गेला. ओठांशी कान नेला तर फुसफुस तेवढी ऐकू यायची. डॉक्टरांना घशात काही दिसत नव्हतं. छातीत मात्र पाणी होत होतं. ते काढलं की पुन्हा भरायचं.

आणखी एक गोष्ट बदलली होती. मी परत आले तेव्हा आत्याचं अंगण रोज सकाळी लख्ख झाडलेलं असायचं, पिंप भरलेलं, सरपण एकावर एक नीट रचलेलं. शेजारची मुलं करत असतील, अजून संस्कार शिल्लक आहेत, म्हणून मी हरखून गेले होते. आत्याचा आवाज गेला आणि तेही बंद झालं. अंगणात पाचोळा साचला. आणि रोज संध्याकाळनंतर पायरीवर ओल दिसायला लागली. आधी खालच्या पायरीवर, मग वरच्या, मग ओसरीत. त्या दिवशी ती आत्याच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

मी फडकं घेऊन पुसायला वाकले, तेवढ्यात दिवे गेले.

बाहेर अजून थोडा उजेड होता. आत मात्र काहीच दिसेना. गाळाचा वास आला. नदी उतरल्यावर काठावर येतो तसा, जड, गोडसर. मग पावलं ऐकू आली. बुटात पाणी भरलं की चालताना जसा आवाज होतो… तसा. एकाचा नाही. पुष्कळ जणांचा. पण एका तालात.

पावलं ओसरीवर चढली आणि थांबली.

दाराच्या चौकटीत मला एक ओळ दिसली. उजवीकडे उंच मुलगा, मग उतरत्या उंचीने बाकीचे. चेहरे अंधारात होते. गळ्यातले स्कार्फ तेवढे दिसत होते, छातीला चिकटलेले, आणि त्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

"ताई," उंच मुलगा म्हणाला. फार अदबीनं म्हणाला. पथकातली मुलं आत्याला ताईच म्हणायची. "आज काय काम?"

मी मागे सरकत पलंगापाशी आले. आत्याने माझं मनगट धरलं. मी तिच्या ओठांशी कान नेला.

"सांग त्यांना… पाणी भरा म्हणावं. काहीही सांग…"

"आत्या, कोण आहेत हे?"

"माझीच आहेत. त्या दिवसापासून रोज येतात. मी काम सांगते… ते करतात… जातात. आता माझा आवाज पोचत नाही. म्हणून जवळ येतात… ऐकायला."

ओळ एक पाऊल पुढे सरकली. आत्याच्या छातीत घरघर सुरू झाली, तोंडाच्या कोपऱ्यातून पाणी आलं. उशी भिजली. कोरड्या खोलीत, पलंगावर, ती माझ्या डोळ्यांसमोर बुडत होती.

स्काउटमध्ये एक रीत असते. ओळ लागली की प्रमुखाने "विसर्जन" म्हटल्याशिवाय मोडायची नाही. पाऊस येवो, अंधार पडो. मी स्वतः लहानपणी तशी उभी राहिले होते. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"तू त्यांना सोडलंच नाहीस! आत्या, इतकी वर्षं? लहान मुलं आहेत ती. त्यांना घरी जायचा हक्क आहे!"

तिने जोरात मान हलवली. "घरी नको… घरी नको पाठवू…"

तिला लाज वाटते, आईबापांना तोंड दाखवायची भीती वाटते, असंच मला वाटलं. आणि ती मरत होती. मी खुंटीवरचा तिचा स्कार्फ काढून गळ्यात घातला, टाचा जुळवल्या आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला.

"पथक… सावधान!"

बूट एकदम जुळले. जमिनीवर पाणी उडालं.

"विसर्जन!"

सगळे एकदम उजवीकडे वळले. तीन बोटं कपाळाला लागली. मग ती ओळ मोडली आणि पावलं गल्लीत पांगली. कोणी वरच्या अंगाला, कोणी बाजाराकडे. एक जोडी मात्र फार लांब गेली नाही. समोरच वाजली, आणि थांबली.

आत्याची घरघर थांबली. तिने खोल श्वास घेतला, कोरडा, मोकळा. आवाजही परत आला होता. मी आनंदाने तिला मिठी मारली. ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

"ते काम मागतात गं," ती म्हणाली. "नुसतं काम मागतात. मिळालं नाही की जवळ येतात. आता प्रत्येक घरात…"

सकाळी गल्ली फार शांत होती. शाळेची वेळ झाली तरी दारं बंदच होती. दुपारी शिवणकाकू आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आमचा उंबरा ओलांडला. केस विंचरलेले, साडी नीटनेटकी. ती कमरेपर्यंत ओली होती. आत्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आता पथक तूच चालवतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

"मग शनिवारी मीटिंग असेल."

माझी नजर त्यांच्या साडीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर गेली.

"शनिवारी घेऊन जा त्याला." त्या अगदी हळू बोलत होत्या, घरात कोणी झोपलं असावं तशा. "शहाणा आहे, त्रास काही देत नाही. सगळी कामं झाली आता… तरी विचारतोच. शनिवारपर्यंत मी काही ना काही सांगत राहीन."

त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांची बोटं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी पांढरी पडली होती, सुरकुतलेली. आणि एकाही बोटाला नख नव्हतं.