फ्यूज खिशात ठेवायचा

ठकी म्हणाली, "आई, मशीन चावतं." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

ठकी म्हणजे माझी चार वर्षांची लेक, आणि मशीन म्हणजे मागच्या खोलीतला लाकूड कातायचा छोटा लेथ. मी त्यावर लाकडी भोवरे आणि बाहुल्या करते. दारावर पाटीच लावली आहे, 'मुलांसाठी निर्धोक खेळणी'. आणि माझ्याच पोरीला मशीन चावतं! रात्रभर मी तिचं बोट मुठीत धरून पडून राहिले.

त्याच संध्याकाळी वायरमन येऊन गेला होता. त्याने लेथच्या अंगाला टेस्टर लावला, आतला दिवा मिणमिणला. "एवढं चालतंच ताई, चपला घालून काम करत जा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. नवरा बाहेरगावी. तो फोनवर म्हणाला, "तू हात घालू नकोस हं, तुझ्या हातून दूधसुद्धा उतू जातं." मी विज्ञानाची पदवीधर आहे. त्या पदवीचा उपयोग एवढाच, की काय काय वाईट होऊ शकतं ते मला सविस्तर माहीत असतं.

तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठकीला सासूबाईंजवळ बसवून मी कामाला लागले. आधी फ्यूज काढायचा. मागची खोली आणि स्वयंपाकघरातला पंखा, दोन्हींचा फ्यूज एकच. तोही स्वयंपाकघराच्या दाराच्या वर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही असा. तो उपसताना मला लेथवाल्या काकू आठवल्या. यजमान गेल्यावर त्यांनी हा लेथ आम्हाला विकला. टेम्पोत मशीन चढत असताना त्या एवढंच बोलल्या होत्या, "फ्यूज काढला की खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, खिडकीत नाही. खिशात."

बिचाऱ्या, मला वाटलं होतं. दुःखात माणूस काहीबाही धरून बसतं.

आता पाहिलं तर माझ्या कुर्त्याला खिसाच नव्हता. शिंप्याच्या मते बायकांना खिसे कशाला? मी फ्यूज तिथल्याच खिडकीत ठेवला.

मागच्या खोलीत अंधारून आलं होतं. फळीवर टॉर्च टेकवला आणि लेथच्या मोटरचं झाकण उघडलं. आतून भुशाचा आणि जळक्या वार्निशचा वास आला. एकेक वायर बोटांनी चाचपत गेले. अर्थिंगची वायर स्क्रूमधून निसटून लोंबत होती. आणि जिथे मुख्य वायर लोखंडी भोकातून आत शिरते, तिथे थरथरून थरथरून तिचं वरचं प्लास्टिक झिजलं होतं. उघडं तांबं थेट लोखंडाला टेकलेलं. हेच चावत होतं माझ्या पोरीला! मी डाव्या हाताने लेथ धरला आणि उजव्या हाताने ते तांबं ओढायला गेले.

"अगं सूनबाई," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "फ्यूज खिडकीतच विसरलीस की! जीव उकडून निघाला. बसवला हं मी!"

कोपरापर्यंत मुंग्यांचा लोंढा चढला... बोटं आपोआप आवळली... सुटेनात.

आणि थांबलं. सगळंच.

हात सुटले. माझ्या पाठीमागे कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला, हळूच, दमल्यासारखा. मी वळले. भुशाशिवाय काही नव्हतं.

धावत स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई स्टूल धरून उभ्या, चेहरा पांढरा पडलेला. "मी दाबून बसवला गं... पंखा अर्धा फेरा फिरलासुद्धा... मी खाली उतरले, आणि..."

आम्ही वर पाहिलं. फ्यूजची खाच रिकामी होती.

ठकी कोपऱ्यात उभी. तिच्या फ्रॉकचा खिसा जड होऊन लोंबत होता. मी हात घातला. फ्यूजच होता तो, कुणाच्या तरी मुठीतून आत्ताच निघाल्यासारखा कोमट.

"कुणी दिला गं?"

"काकांनी. त्यांनी काढला. म्हणाले, तुझ्याकडे खिसा आहे ना, मग ठेव."

आमच्या घरात काका नावाचं कुणी नाही. भीती वाटायला हवी होती. ती नंतर आली, अजूनही येते. पण त्या वेळी मी मागच्या रिकाम्या दाराकडे बघून एवढंच म्हणू शकले, "फार उपकार झाले हो."

मग ठकीला मांडीवर घेऊन काकूंना फोन लावला. मला फक्त आभार मानायचे होते. "काकू, तुम्ही त्या दिवशी बजावलं नसतंत तर..."

काकूंनी मध्येच विचारलं, "खिशात होता ना?"

"हो. शेवटी खिशातच."

"ह्यांनी खिडकीत ठेवला होता," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, विसरले. मीच बसवला गं... माझ्या हाताने."

फोनला कान लावून असलेल्या सासूबाईंनी आपला हात पदरात गुंडाळून घेतला. पलीकडे काकूंनी नाक ओढलं. "पोरीला जप. ठेवते मी."

मीही फोन कानावरून काढला, तोच ठकीने माझं मनगट घट्ट धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"आई, फोन नको ना ठेवू," ती कुजबुजली. "काका ऐकतायत."