पूर्ण रिंग

हे खरं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी इथंच थांबावं. मला कुणाची समजूत काढायची नाही.

२००९ चा मे महिना. कोल्हापूर, राजारामपुरी. दुपारची वेळ.

हो, भर दुपार. असल्या गोष्टींना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अजून काही बघितलेलं नाही.

अजून एक आधीच सांगते. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, देवऋषी नाही. आज्जानं छप्पन साली सगळे देव पंचगंगेत सोडले. कुणी भूत-बीत म्हणालं की आमची आई, मीनाबाई, त्याच्या तोंडावर हसायची.

आणि ही गोष्ट तिचीच आहे.

माझा भाऊ प्रसेनजीत मोबाइलची ॲप्लिकेशन बनवायचा. मी प्रीती, त्याची धाकटी बहीण, टेस्टिंग करायची. ऑफिस अनेकांत सरांचं, एका मेडिकलच्या वर दोन खोल्या. मोबाइलवाल्यांनी तेव्हा नुकतीच ऑनलाइन स्टोअर उघडली होती. आपण बनवून पाठवायचं, परदेशातली त्यांची माणसं तपासणार. पास झालं की कुणीही ते आपल्या मोबाइलमध्ये घेऊ शकतो. नापास झालं की परत.

दादानं आईच्या आवाजातल्या बुद्धवंदनेचं ॲप्लिकेशन केलं होतं. विहारात वंदना तीच सांगायची. खणखणीत आवाज, माइक लागायचा नाही. दादानं तो रेकॉर्ड केला आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. काविळीनं.

तिचा दुसरा आवाज आमच्याकडं नाही. कॅसेट नाही, काही नाही. तेवढाच.

ती गेली तेव्हा मी रडले नाही. दादाही नाही. जलदानविधी झाला आणि आम्ही दोघं कामाला आलो.

मे महिन्यात स्टोअरनं ते ॲप्लिकेशन परत पाठवलं.

कारण एकच. मध्ये फोन आला की ॲप्लिकेशननं गप्प बसायला पाहिजे. हे बसत नाही. बाई बोलत राहते.

माझं डोकं फिरलं. आम्हीच केलेलं आरतीचं ॲप्लिकेशन पहिल्या फटक्यात पास झालं होतं. आमची वंदना तेवढी परत. म्हटलं, इथंपण तेच व्हय? मी स्वतः टेस्ट केलं होतं. फोन आला की वंदना थांबत होती.

"प्रसेन, आणि एकदा पाठव," अनेकांत सर म्हणाले. "पण परत आलं तर आवाज बदलायचा. पुण्यात एक गाणारी पोरगी हाय माझ्या वळखीची."

"सर, आईचा आवाज हाय तो."

"ठावं हाय की रे लेका. तिच्या हातची भाकरी खाल्लीया मी. पण त्या स्टोअरवाल्याला तुझी आई कोण ठावं?"

दादा स्क्रीनकडं बघत राहिला.

सर जेवायला गेले आणि मी परत टेस्टिंगला बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आमची चूक कुठं होती.

आम्ही टेस्ट मिस्डकॉलवर करायचो. एका मोबाइलवर वंदना लावायची. दुसऱ्यावरून फोन करायचा. एक रिंग झाली, वंदना थांबली, कट. मिस्डकॉलवर जगणारी माणसं आपण. रिंग पूर्ण होऊ द्यायची कुणाला सवय असते?

तिकडची माणसं होऊ देत असणार.

मी वंदना लावली. नंबर लावला.

रिंग वाजली. वंदना थांबली. बरोबर.

मी कट केलं नाही.

दुसरी रिंग…

तिसरी…

खाली रस्त्यावर एक रिक्षा मघापासून घरघरत होती. तिचा आवाज येईना झाला.

आणि त्या मोबाइलमधून…

"कुणाचा फोन हाय गं?"

आईच. मोरीत असो, गॅसपुढं असो, फोन वाजला की तिथनंच ओरडायची. ह्याच शब्दांत.

दादानं मान वळवली.

"हे रेकॉर्डिंगात हाय?" मी विचारलं.

"न्हाय."

"नीट आठव, दादा."

"मीच बसून सगळं जोडलंय. न्हाय म्हणतोय न्हवं?"

रिंग चालूच होती.

"कुणाचा गं?" आता जरा चिडून.

माझ्या तोंडातून आपोआप गेलं. रोज जायचं तसं.

"कुणाचा न्हाय आई. टेस्टिंगचा हाय."

मोबाइल गप्प झाला.

मला भीती वाटली नाही. अंगावर काटा नाही, घाम नाही. हेच मला आजसुद्धा खटकतं. मी गार पडलेल्या भातासारखी बसून होते. मग परत नंबर लावला. पूर्ण रिंग. काही नाही. टेबलावरच्या सगळ्या मोबाइलवर केलं.

गप्प.

दादानं ॲप्लिकेशन जसंच्या तसं परत पाठवलं. काहीही न बदलता.

पास झालं.

अनेकांत सर पेढे घेऊन आले. "काय चुकलं हुतं रे?"

"काय न्हाय सर," दादा म्हणाला. "उत्तर द्यायचं ऱ्हायलं हुतं."

सरांना वाटलं, कायतरी टेक्निकल असेल.

पावसाळ्याच्या सुरुवातीला मुरगूडहून पिराजी कांबळ्यांचा फोन आला. स्टोअरवर आमच्या ऑफिसचा नंबर होता.

"बाई, तुमच्या त्या वंदनेतली म्हातारी कोण?"

"का ओ?"

"फोन आला की इचारती की, कुणाचा फोन हाय म्हणून. आमच्या मंडळींनी मोबाइल पिठाच्या डब्यात कोंबलाय."

"मग… तुम्ही काय केलं?"

"इचारल्यावर सांगाय नको व्हय? म्हटलं, पुतण्याचा हाय, पुण्यासनं."

"मग?"

त्यांनी आवाज खाली आणला.

"म्हणाली, दे की माझ्याकडं."

मी खुर्ची ओढून बसले.

"दिला?"

"मी कशाला देतोय! टेबलावर ठिवला आन् भाईर पळालो. पण बाई… पुतण्या म्हणतोय, काका, त्या लई मायेनं बोलल्या. जेवलास का इचारलं. आता रोज फोन करतोय. आन् मलाच सांगतोय, तुम्ही उचलू नका म्हणून."

मी फोन ठेवला आणि दादाकडं गेले. सगळं सांगितलं.

"काढ ते स्टोअरमधनं."

"का?"

"लोकांच्या घरात जायला लागलीया ती."

"जाऊ दे की. जलमभर घर आन् विहार. कधी मुरगूड तरी दावलं काय तिला आपण?"

"दादा, आई गेलीया."

"मला सांगतीस व्हय?"

एवढंच बोलला. परत कीबोर्डकडं वळला.

मग मीच काढलं. पासवर्ड माझ्याकडंपण होता. एक बटण दाबलं आणि स्टोअरच्या पानावरून वंदना गेली. ऑफिसातल्या एकेका मोबाइलमधूनही काढली. शेवटच्या मोबाइलवर बोट थांबलं. तिथूनही काढली. तेव्हाही रडू आलं नाही.

दादानं अडवलं नाही. का अडवलं नाही ते नंतर कळलं. स्टोअरमधून काढलं म्हणजे नवीन कुणाला मिळत नाही, एवढंच. आधी ज्यांनी घेतलं त्यांच्या मोबाइलमध्ये ते तसंच राहतं. ते माघारी बोलावता येत नाही. कुणालाच नाही.

हे त्याला माहीत होतं.

तेव्हापासून मी कुठलाही फोन पहिल्या रिंगला उचलते.

परवा हातात चहा होता. ऑफिसचा लँडलाइन वाजला. जुना, बटणांचा. त्यात काही टाकता येत नाही, काढता येत नाही.

दुसरी रिंग झाली…

तिसरी…

मी कान देऊन उभी होते. कुणी काही विचारलं नाही. खोलीत काहीच आवाज नव्हता.

दादानं मात्र स्क्रीनवरची नजर न काढता उत्तर दिलं.

"तुझाच हाय, आई."

रिंग मध्येच तुटली. कुणी फोन उचलल्यावर तुटते तशी.

रिसीव्हर जागेवरच होता.

मी तो उचलून कानाला लावला नाही. अजून लावलेला नाही.

आज सकाळी अनेकांत सर चिडून जिना चढून आले. म्हणाले, परवापासून फोन लावतोय, सारखा एंगेज लागतोय. कोण बोलत बसलंय एवढं?

दादानं माझ्याकडं बघितलं.

आई गेल्यापासून पहिल्यांदा तो हसला.