सात ते नऊ, फोन बंद

तो जिन्याच्या वळणावर उभा राहून माझ्याकडे बघत हात हलवत होता. निदान मला तरी तसंच वाटलं.

आधी त्याने छातीवर तळवा ठेवला. मग दोन बोटं हनुवटीला लावली, भुवया उंचावल्या आणि इतकं गोड हसला की मी पायरीवरच थबकले. दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना सोडवून आलेली मी — केस विस्कटलेले, पिशवीतून व्यायामाचे रबरी पट्टे लोंबतायत — आणि हा अनोळखी माणूस मला एवढं काय सांगतोय? मीही हात हलवला. हसले. वर, "हो, मीही मजेत!" असं म्हणूनही टाकलं.

तो दचकला. मग कठड्यावरच्या कुंडीमागून त्याने फोन उचलला आणि माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक बाई पोट धरून हसत होत्या.

"माझी आई," तो म्हणाला. "तिला ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो... सॉरी, घरात अजून दिवे लागले नाहीयेत, म्हणून इथे."

जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण जमीन अशा वेळी कधी उपयोगी पडत नाही.

"आई विचारतेय, ही कोण?"

"सांगा, एक मूर्ख मुलगी."

"तसं नाही सांगता येणार. खोटं तिला लगेच कळतं."

आता यावर काय बोलायचं असतं? मी आपली माझ्या कामाच्या भाषेवर आले. "मान वर धरा. फोन इतका खाली ठेवलात तर लवकरच माझ्याकडे यावं लागेल. मी फिजिओ आहे. कोपऱ्यावर माझं क्लिनिक आहे."

"त्यासाठी मान आखडायलाच हवी का?" त्याने विचारलं. "सरळ मानेने आलो तर चालणार नाही?"

मी थेट घर गाठलं. दार लावल्यावर लक्षात आलं, आमचा मजला दुसरा आणि मी पायऱ्या दोन-दोन करत चढले होते.

तो तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नंबराच्या काचा घासतो, असं नंतर कळलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'तिसरा मजला' ठेवलं. तो मला 'मानेच्या डॉक्टर' म्हणू लागला. जिन्यात भेटलो की आमची जुंपायची.

"फोनमुळे माना वाकतात आणि डोळे बिघडतात," तो म्हणायचा. "म्हणजे आपली दोघांची पोटं एकाच फोनवर. आणि तुम्ही निघालात तोच बंद करायला!"

आणि ते खरं होतं. बंद करायला मीच निघाले होते.

माझी धाकटी बहीण, ढमी, पंधरा वर्षांची. वर्गातल्या मुलींनी तिचा एक फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकून तिची चेष्टा केली होती. चेष्टा दोन दिवसांत थांबली, पण ढमी थांबली नाही. अजून कोणी काही लिहिलंय का, हे बघत ती सतत फोनला चिकटलेली असायची. जेवायला बसली तरी ताटात नजर नाही. आमची आई दवाखान्यात परिचारिका, तिची ड्यूटी संध्याकाळची. घरात उरायचो आम्ही दोघी, आणि त्यातली एक नसल्यासारखीच. मग मी इमारतीच्या बैठकीत उभी राहिले आणि सुचवलं, रोज सात ते नऊ सगळ्यांनी फोन तळमजल्याच्या कपाटात ठेवायचे. दोन तास. फक्त माणसं.

अध्यक्ष काकांना कल्पना फार आवडली. "आठवडाभर करून बघू, मग मतदान घेऊ," ते म्हणाले. कपाटाची चावी त्यांनी ढमीकडे दिली.

आणि काय सांगू! पहिल्याच संध्याकाळी ढमी धावत वर आली आणि जेवताना अखंड बोलत सुटली. कोणी जुना बंद पडलेला फोन आणून दिला, कोणी घाईत टीव्हीचा रिमोटच जमा केला, कोण जिन्यात उभं राहून हात नुसतेच खिशात घालून बघत होतं... मी घास तोंडाशी धरून ऐकत राहिले. माझी बहीण परत आली होती. मला रडू येत होतं आणि ती विचारत होती, "ताई, एवढं तिखट झालंय का?"

दोन दिवसांनी क्लिनिक बंद करून येत होते. भुरभुर पाऊस होता. बसथांब्याच्या दिव्याखाली तिसरा मजला उभा होता — छत्री मान आणि खांद्यात अडकवलेली, एका हातात फोन, दुसरा हात हवेत.

"फोन जमा नाही केलात?" मी दटावलं.

"फाटकाच्या बाहेर तुमचा कायदा लागू नाही, डॉक्टर." मग हळूच म्हणाला, "आई रात्रपाळीला बेकरीत जाते. दिवसा ती झोपते, मी दुकानात. ती उठते सातला, निघते नऊला. आमच्याकडे तेवढेच दोन तास आहेत."

सात ते नऊ. माझेच दोन तास. हे मी सुचवताना मला कोणाची आई वगैरे सुचलीच नव्हती.

"एका हाताने बोलणं म्हणजे तोंडात बोळा कोंबून बोलणं," तो म्हणाला. "आई म्हणते, तू हल्ली तोतरा झालायस."

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि त्याच्यासमोर धरून उभी राहिले. त्याने छत्री माझ्या खांद्यावर टेकवली... आणि दोन्ही हात मोकळे होताच तो असा काही बोलू लागला की मी बघतच राहिले. बोटं, भुवया, खांदे, सगळा माणूस बोलत होता. पावसाचे थेंब त्याच्या मनगटावरून उडत होते.

"काय म्हणाल्या?" मी शेवटी विचारलंच.

"विचारत होती, फोन कोणी धरलाय? चित्र अजिबात हलत नाही. मी म्हटलं, हिनेच तो नियम काढला."

"अरे देवा! मग?"

"मग म्हणाली, हात छान आहे, डोक्याचं बघू." तो हसला. मग हसू विरलं. "आणि विचारत होती, मागे रोज बस का दिसतात. तिला वाटतंय, मला घरच मिळालेलं नाही. काल रडली."

"तुला... तुम्हाला सूट देऊ ना. मी काकांना सांगते."

"'तुला' म्हणालात ते बरं वाटलं," तो म्हणाला. "पण सूट नको. सूट मागायची म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की माझी आई बिचारी आहे. ती बिचारी नाहीये. माझ्यापेक्षा जास्त बोलते, माझ्यापेक्षा जास्त कमावते. नियम झाला तर मी सरळ दुसरीकडे खोली बघेन."

दुसरीकडे. या माणसाची आणि माझी ओळख ती केवढी, आणि हा शब्द बोचला केवढा!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन धरायला गेले. तिसऱ्या दिवशीही. आम्ही 'तू'वर कधी आलो ते कळलंच नाही. त्याला ढमीचं सांगितलं, ती आता जेवताना कशी बोलते ते. तो ऐकताना माझ्याकडे असा बघायचा, जणू मीही हातांनीच बोलतेय आणि एक क्षण नजर हलवली तर वाक्य हुकेल.

आणि त्याच संध्याकाळी ढमीने आम्हाला पकडलं. रोज एक फोन कमी भरतोय म्हणून ती शोधत फाटकाबाहेर आली, तर तिची ताई रस्त्यावर फोन हातात धरून उभी!

"ताई, तूसुद्धा?"

घरी आल्यावर मी तिला सगळं समजावलं. त्याची आई, बेकरी, दोन तास. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याचं कारण खरं," ती म्हणाली. "कारण तर मलाही होतं. सगळ्यांनाच असतं, ताई. पण तू उद्या नियम मोडीत काढलास तर मी परत बघत बसेन. मला स्वतःहून बंद करता येत नाही गं."

त्या रात्री जेवताना पुन्हा शांतता होती. मी उशीत डोकं खुपसून पडले. फोन हवेत की नकोत? ढमीकडे बघितलं की वाटायचं, सगळे नेऊन विहिरीत टाकावेत. त्या हसऱ्या बाई आठवल्या की वाटायचं, असा नियम करणारी मी कोण टिकोजीराव? आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस पावसात हात ओले करत उभा. माझं मत कुठलं आणि माझं मन कुठलं, हेच वेगळं काढता येईना.

मतदान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तळमजल्यावर. घरटी एक मत. आमच्या घरचं माझ्याकडे. मी पुढच्या खुर्चीत, तो पाठीमागे भिंतीला टेकून. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

"नियमाच्या बाजूने कोण?" काकांनी विचारलं.

भराभर हात वर गेले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हाताला सांगत होते, उठ बाबा. तो मांडीवरून हललाच नाही. ढमीला मी रोज समोर बसवेन, भांडेन, तिचा फोन माझ्या उशीखाली ठेवेन — मी तिच्या जवळ आहे. त्या बाई त्याच्या जवळ नाहीत. एवढंच काय ते मला त्या क्षणी कळत होतं, तेही धूसर.

"विरोधात?"

मी हात वर केला. खोलीत कुजबुज झाली. ढमीची नजर मला पाठीत टोचत होती. काका पुन्हा पुन्हा मोजत होते आणि मला मेलं राहवेना. मी वळले. तिसरा मजला हाताची घडी घालून उभा होता.

"अरे, हात वर कर ना!" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"मी मघाशीच केला," तो म्हणाला.

"मघाशी? म्हणजे... बाजूने?"

"ढमी जेवताना बोलते म्हणालीस ना तू."

काकांनी घसा खाकरला. "नियम मंजूर. एका मताने."

त्याच्याच मताने! मला हसावं की रडावं कळेना. मी त्याच्यासाठी बहिणीचं मन मोडलं, त्याने माझ्या बहिणीसाठी स्वतःला घराबाहेर काढलं, आणि आम्ही दोघं घरी झोपून राहिलो असतो तरी बरोबर हाच निकाल लागला असता. ढमी कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू माझ्या विरोधात हात वर केलास?"

"हो."

"आणि याने माझ्यासाठी?"

"हो... असं दिसतंय."

"मग आजपासून हाच माझी ताई," ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली आणि चावी खुळखुळवत निघून गेली. जाताना हसत होती, ते मी बघितलं.

सगळे पांगल्यावर तो म्हणाला, "या महिन्याअखेर खोली सोडतो."

"वेडा आहेस का? माझं क्लिनिक सातला रिकामं होतं. तिथे दिवा आहे, खुर्ची आहे, भिंत आहे. आईला बस दिसायला नको."

त्याने कपाळावर हात मारला. "हे तुला आधी का नाही सुचलं?"

"तुला का नाही सुचलं?"

चांगली शहाणीसुरती माणसं आम्ही. पण त्या आठवड्यात आमची डोकी कुठे गहाण पडली होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सातला त्याने फोन माझ्या टेबलावर उभा केला. मी त्याखाली उशांची चळत लावली, त्याची मान बरोबर उंचीला आणली. त्याच्या आईने खोली नीट न्याहाळली आणि हात हलले.

"विचारतेय, हे घर कोणाचं?"

"सांग, माझं. म्हणजे कामाचं."

हात पुन्हा हलले. त्याचे कान लाल झाले. "विचारतेय... ही मुलगी तुझ्यासाठी हे सगळं का करतेय?"

बाहेर पाऊस थांबला होता. फोनवर बंदी असावी का, हे मला आजही विचारू नका, मी रोज दोन्हीकडून भांडते. पण हा प्रश्न तसा नव्हता. याचं उत्तर मला येत होतं.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "मला तुमचा मुलगा आवडतो."

त्याचे हात हवेतच थांबले. "हे... हे मी कसं सांगू?"

"जसं ऐकलंस तसं. एक शब्दही गाळायचा नाही."

त्याने सांगितलं. अगदी हळू, एकेक खूण सुटी करून. मग तिकडून एकच छोटीशी खूण आली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतेय..." त्याने फोनवरून नजर माझ्याकडे वळवली. "आणि तू काय म्हणालास?"

त्याने माझे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेतले, आणि मग कितीतरी वेळ त्याला आईशी एक शब्दही बोलता आला नाही.