मोटारीचे दिवे मंद का झाले?

"सावळारामकाका दारू प्याले होते म्हणं," कुंडलिक म्हणाला.

"तुझं डोस्कं! काका सुपारीसुदिक खात न्हाईत," बया म्हणाली.

१९३६ सालच्या दिवाळीची सुट्टी लागली होती. आदल्या संध्याकाळी भोरहून वेल्ह्याला उतारू आणणारी सर्व्हिस मोटार अंधारात वळणावर चरात गेली. आत बसलेल्या सगुणाबाईंचा हात मोडला आणि मालक आनंदरावांनी ड्रायव्हर सावळारामकाकांना कामावरून काढलं. मोटार आता वेल्ह्यात मालकांच्या आवारात उभी होती. मग कुंडलिक-बया ही भोचक जोडी घरी कशी बसेल?

काका तिथंच होते. "दिवे मंद झाल्याचं म्या मालकांना दोनदा सांगितलं. ते म्हनले, हळू चालव."

त्यांनी दिव्याची काच उतरवली. बल्ब पेटत होता, बॅटरी ठणठणीत होती. कुंडलिकनं आत डोकावलं. "काका, बल्बामागची वाटी पिवळी कशी?"

"चांदीचा मुलामा गेलाय. त्यावरनंच तर उजेड पुढं जातो. कुनीतरी घासलाय."

बयाला आठवलं. खंडेनवमीला मोटार पूजेसाठी धुतली, तेव्हा काका काचा उतरवून झेंडू आणायला गेले होते. तेवढ्यात तिनं वाट्या घरच्या तांब्यांसारख्या चिंच-राखेनं घासल्या होत्या, चांगल्या जोर लावून. तेव्हा मोटार लख्ख झाली म्हणून शाबासकीही मिळाली होती; वाट्यांचं मात्र कुणाला कळलं नव्हतं. आता ती गप्प बसली. सांगायला लाज वाटते, पण बसली.

दिवेलागणीला तिनं आनंदरावांना गळ घातली, "मालक, एकदा चाकामागं बसा की." ते बसले. दिवे लावले.

"समोर काय दिसतंय?"

"काय दिसायचंय? रस्ता मोकळा हाय."

वीस पावलांवर काळी घोंगडी पांघरून उभा असलेला कुंडलिक खोकला. आनंदराव दचकून खाली उतरले. काकांनी त्यांना पिवळी वाटी दाखवली.

"मुलामाच भिकार दिला कारखान्यानं," ते पुटपुटले. "सावळाराम, तुझी चूक न्हाई. उद्यापासनं ये."

इथंच सगळं मिटलं असतं. बयाला ते कळत होतं, आणि तेच सोसेना. "म्या घासल्या वाट्या," ती म्हणाली. "चिंचेनं."

"चांदी मऊ असती, पोरी," काका म्हणाले. "मऊ फडक्यानंच पुसायची. म्या तरी कुठं सांगितलं तुला?"

"आन म्या दोनदा ऐकून न ऐकल्यागत केलं," आनंदराव म्हणाले.

वाट्या मुलाम्यासाठी पुण्याला गेल्या. तोवर मोटार दिवसाउजेडीच धावली, आणि चालवायला काकाच होते. बया खरं बोलली म्हणून गावभर कौतुक झालं. तिला मात्र ते कौतुक टोचत होतं. ती कुंडलिकला घेऊन सगुणाबाईंकडं गेली आणि सगळं सांगितलं.

सगुणाबाईंचा हात झोळीत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गुनाची हायेस. कबूल केलंस," त्या म्हणाल्या. "पर पोरी, माजं भात पिकून उभं हाय. ते कोन कापनार?"

बयानं भिंतीवरचा विळा काढला. दुसरा कुंडलिकसाठी मागून घेतला.