गहू नसलेला डबा

दुकानात मांजरांच्या खाण्याच्या कपाटापुढे ती उकिडवी बसली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात भिंग. पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, आणि तिथं सगळे तिला भिंगबाईच म्हणायचे.

"चौथ्या ओळीत एक काना राहिलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. उंच, सडपातळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि अंगाला माशाच्या रश्शाचा मंद वास.

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच लिहिलीय ती ओळ. या डब्याची कृती माझी. दुकानात आलो की आपलं बाळ कुठं बसवलंय ते बघून जातो."

"बरं झालं भेटलात. पुढे एवढ्या मोठ्या अक्षरात 'धान्यमुक्त', आणि मागे बटाट्याचा स्टार्च?"

"बटाटा धान्य थोडंच आहे?"

"पण मांजर कुठं बटाटे उकरायला जातं?"

तो हसला. "रस्सा घट्ट व्हायला लागतो. कमी करतो. आणखी काही?"

"पहिलं नाव कोंबडीचं आहे, ते बरंय. जे जास्त ते आधी लिहायचं, हा नियम पाळलात. पण 'मांसजन्य पदार्थ' म्हणजे काय? काय वाट्टेल ते?"

"यकृत आणि हृदय. बस्स."

"मग तसं लिहा की. लाजता कशाला?"

"लाजत नव्हतो..." तो म्हणाला, "आत्तापर्यंत."

तिचे कान गरम झाले. मग उगाचच तिनं आत्याच्या म्हाताऱ्या बोक्याची गोष्ट काढली. गहू पोटात गेला की तो अंग खाजवून खाजवून रक्त काढायचा. मानेवरचे केस पार गेले होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पत्ता विचारला. बोक्यासाठी, असं म्हणाला.

दर शनिवारी तो डबे घेऊन आत्याच्या घरी येऊ लागला. गल्लीतली चार मांजरं त्याच्या बाहीच्या वासानं जिन्यापर्यंत मागोमाग यायची. बोक्याच्या मानेवर नवी लव उगवली. डबा उघडताना दोघांची बोटं एकमेकांना लागायची, आणि डबा उघडायला जरा जास्तच वेळ लागायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"याला बोक्याचा लळा लागलाय की आणखी कुणाचा?" आत्या तिला स्वयंपाकघरात विचारायची.

"आत्या, तू गप्प बस."

मग एका संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर तो बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत बसला.

"एक सांगू? फक्त तुला... आमच्याकडे एकाच यंत्रावर आधी गव्हाच्या रश्शाचे डबे भरतात, मग धान्यमुक्त. मधे यंत्र धुवायचं असतं. पण सोमवारी घाई असते, तेव्हा नुसतं पाणी मारतात. बोक्यासाठी मी सोमवारचे डबे आणतच नाही. मी साहेबांना दोनदा लिहून दिलं. ते म्हणतात, मांजर काय तक्रार करायला येणार आहे?"

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, आणि तिनं तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी तिनं सोमवारी भरलेले सहा धान्यमुक्त डबे आणून तपासले. चारांत गहू निघाला. बोक्यासारखी किती मांजरं खाजवत बसली असतील, असं मनात आलं, आणि अहवाल तिनं सुवाच्य अक्षरात लिहिला आणि वर पाठवला. कारवाईला तीन दिवस लागणार होते.

त्या तीन दिवसांत तो दोनदा भेटला. दोन्ही वेळा शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिथंच अडले. आधी सांगणं नियमात बसत नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. खरं वेगळंच होतं. तो 'थांब' म्हणाला असता, तर तिनं अहवाल मागे घेतला असता... याचीच तिला भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी कारखान्यात तपासणीस आले. बाजारातले डबे परत मागवले गेले. सोमवारची गोष्ट बाहेर कुणी नेली, हे साहेबांना विचारावं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून काढून टाकलं.

शनिवारी तो आत्याकडे आला. खांद्यावर एक पिशवी, हातात दुसरी. दुसऱ्या गावी काम मिळालं होतं. आत्या पाणी देऊन आत गेली.

"अहवाल वाचला मी," तो म्हणाला. "चांगला लिहिलायस. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"तू रागावला आहेस."

"नोकरीवरून नाही गं. ती कधीतरी जायचीच होती." तो थांबला. "पण तू मला विचारलंच नाहीस. मी त्या कागदावर तुझ्याआधी सही केली असती."

इतके दिवस ती ज्याला घाबरली, तो हा माणूस नव्हताच. तो तिनं मनातल्या मनात रचला होता.

"मला वाटलं, तू मला अडवशील. आणि मी अडेन... कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे."

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हेही आधी सांगायला हवं होतंस," तो हळूच म्हणाला.

तो जिना उतरला, तेव्हा ती दारात खिळून उभी होती. "अगं, निदान पोचवायला तरी जा," आत्या मागून म्हणाली. तिनं पायांत चपला सरकवल्या, कोपऱ्यावर त्याला गाठलं आणि एक पिशवी त्याच्या हातातून घेतली. त्यानं नको म्हटलं नाही.

थांब्यावर दोघं बोलत राहिले. तिथलं पाणी कसं आहे, खोली मिळाली का, थंडी असते का... गाडी आली. त्यानं पिशवी परत घेतली, आणि क्षणभर दोघांचीही बोटं त्या पट्ट्यावरून सुटेनात.

"काळजी घे," तो खिडकीतून म्हणाला.

तिनं मान हलवली. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी ती हो-हो करत मान हलवतच राहिली.