कोपऱ्यातली फुली

त्या लाल चौकटीच्या कोपऱ्यातली फुली खरी नव्हती. खऱ्या फुलीवर माउसचा बाण नेला की तेवढाच चौकोन किंचित गडद होतो आणि बाण बाजूला सरकला की पुन्हा फिका पडतो. इथे बाण चौकटीत शिरला की लगेच त्याचा पंजा व्हायचा, आणि मग फुलीवर, मजकुरावर, रिकाम्या लाल जागेवर, सगळीकडे तो पंजाच राहायचा. म्हणजे फुली, बटण आणि इशारा मिळून ते एकच चित्र होतं. कुठेही बोट ठेवलं तरी परिणाम एकच.

हे मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं.

"म्हणजे बंद करायला गेलं तरी ते उघडतंच," ते म्हणाले. "मग बंद करायला जातेस कशाला?"

चौकटीत लिहिलं होतं, 'सावधान! आपले संगणक पाच धोका सापडले आहे. त्वरित मान्य करा.' मराठी इतकं मोडकं होतं की मला हसू आलं. अप्पांना आलं नाही. ते एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झाले होते. समोर दिव्यांची भिंत, धोक्याचा दिवा पेटला की भोंगा, आणि हाताशी 'मान्य' लिहिलेलं बटण. ते दाबलं की भोंगा थांबायचा, दिवा मात्र कारण निस्तरेपर्यंत पेटलेला राहायचा. एकदा दुसऱ्या पाळीच्या माणसाने खोटा अलार्म म्हणून दिव्याकडे काणाडोळा केला होता. त्या दिवसाची खूण अप्पांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत होती, गुळगुळीत आणि गुलाबी. तेव्हापासून समोर जे पेटेल ते अप्पा मान्य करायचे. एखाद्या संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली की द्यायचे, आणि मग त्या सूचना त्यांच्या पडद्यावर माश्यांसारख्या घोंगावायच्या.

मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या परवानग्या काढल्या, जोडलेल्या नको त्या गोष्टी पुसल्या, संगणक तपासून घेतला. विषाणू एकही नव्हता. अप्पा पाठीमागे उभे राहून बघत होते.

"तुझ्या बाटल्यांत दिसत नाहीत ते जंतू खरे," ते म्हणाले, "आणि माझ्या पडद्यावर लिहून येतंय ते खोटं. बरं आहे."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. अप्पा तिला 'बाटल्यांचं दुकान' म्हणत. आमचं एकमेकांशी जमत नव्हतं हे लपवण्याचे कष्ट आम्ही दोघांनीही कधीच सोडून दिले होते. मला वेगळं राहायचं होतं. प्रयोगशाळेजवळ दोन खोल्या बघूनही झाल्या होत्या. फक्त नवऱ्याने अप्पांना तसं सांगायचं होतं. तो चांगला माणूस आहे, पण त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं. बघू. खोल्यांचं काय? बघू. अप्पांशी बोललास? बघू. लग्न झालं त्या वर्षापासून आम्ही बघतच होतो.

आठवडाभर पडदा स्वच्छ राहिला. मग एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना बाहेरच्या खोलीतून ओळखीचा टिंग आवाज आला, आणि मागोमाग अप्पांनी बटण दाबल्याचा. मी हात पुसत गेले. तीच लाल चौकट होती, पण मराठी सुधारलं होतं.

'घरात एक धोका आढळला आहे.'

मी पुन्हा परवानग्या पाहिल्या. यादी रिकामी होती. ब्राउझरच काढून टाकला आणि नवा घातला. दुसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी असताना अप्पांनी बाहेरून, बातमी वाचावी तसं मोठ्याने वाचून दाखवलं, "धोका स्वयंपाकघरात आहे."

मी स्वयंपाकघरातच होते. संशय नवऱ्यावर गेला. बोलायची हिंमत नसलेली माणसं असले चाळे करतात. तो घरी आल्यावर मी सरळ विचारलं. त्याने शपथ घेतली नाही, चिडलाही नाही. तो इतका गोंधळला की मला माझाच राग आला. त्याने नेहमीसारखा चहा टाकला आणि आम्हा तिघांचे कप ओट्यावर मांडले.

"अप्पांना हे बंद करायला सांग," मी म्हणाले. "तो संगणकच काढून टाक घरातून."

"बघू," तो म्हणाला.

त्यानंतरचा इशारा मी स्वतः वाचला. 'धोका विलग करण्यास सुरुवात करायची?' मी अप्पांच्या हातातून माउस घ्यायच्या आत त्यांनी मान्य केलं होतं.

"मी चौकशी करत नाही, मी मान्य करतो," ते म्हणाले. "चौकशी करत बसलेला माणूस या हाताने जेवायला शिकतो." आणि त्यांनी डावा हात वर केला.

सकाळी प्रयोगशाळेच्या हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. स्पिरिटने आमच्या बोटांची कातडी झिजते, त्यामुळे हे अधूनमधून होतं. दुसरं बोट लावलं. मग दुसऱ्या हाताचं. शेवटी पहारेकऱ्याने वहीत सही घेतली, पण त्याआधी ओळखपत्र मागितलं, आणि फोटोकडे व माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दुपारी काचेचं आपोआप सरकणारं दार माझ्यासमोर बंद राहिलं. सेन्सरवर धूळ बसली असेल, असं मी मनात म्हणाले. माझ्या मागून आलेल्या बाईला ते उघडलं. तिच्या पाठोपाठ मी आत शिरले.

एकेका गोष्टीला कारण होतं. सगळ्या गोष्टींना मिळून एक कारण सापडत नव्हतं.

आमच्या कामात प्रत्येक नमुन्याबरोबर एक ब्लँक ठेवतात. ब्लँक म्हणजे निर्जंतुक पाणी. त्यात काही उगवायला नको. उगवलंच, तर दोष नमुन्याचा नसतो. हाताचा, हवेचा किंवा जागेचा असतो. माझा एक जुना लॅपटॉप होता. मी तो पूर्ण पुसला, त्यातलं वायफायचं कार्ड काढून खिशात ठेवलं, आणि रविवारी दुपारी तो अप्पांच्या संगणकाशेजारी उघडून ठेवला. पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीशिवाय काही नव्हतं. जगाशी त्याचा संबंध फक्त विजेच्या तारेने होता.

अप्पा म्हणाले, "सूनबाईंनी साक्षीदार आणलाय."

मी खुर्ची ओढून बसले. बाहेर ऊन होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवत होतं. नवरा पलंगावर पेपर वाचत पडला होता. पाण्याचा पंप चालू होऊन बंद झाला.

मग टिंग झालं. माझ्या लॅपटॉपमधून.

'धोका विलग होत आहे. कृपया मान्य करा.'

मी खिशात हात घातला. कार्ड तिथेच होतं, अंगाच्या उबेने कोमट झालेलं.

अप्पांनी हात लांब करून माझ्या लॅपटॉपवर मान्य केलं. त्यांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त काम होतं.

ब्लँकमध्ये उगवलं की त्या दिवसाचे सगळे निष्कर्ष रद्द करायचे, असा नियम आहे. पुढे काय करायचं ते नियमात लिहिलेलं नाही. मी कुलूप-किल्ली, विजेची जोडणी, शेजाऱ्यांचं वायफाय, सगळं मनात तपासलं आणि उठून बाहेर पडले. इमारतीभोवती दोन फेऱ्या मारल्या. परत येताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. रोज भाजी निवडता निवडता माझ्याशी बोलणाऱ्या काकू.

"कोणाकडे जायचंय?" त्यांनी विचारलं.

"काकू, चष्मा विसरलात का?"

"डोळ्यांवरच आहे की." त्या कठड्याला टेकल्या, पण वाट सोडली नाही. "कोणाकडे?"

मी आमच्या दाराकडे बोट दाखवलं.

"असतील घरात," त्या म्हणाल्या. "बापलेक दोघंच असतात."

त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. अनोळखी बाईशी बोलताना असते तेवढी सभ्यता होती, आणि तिच्याखाली थोडा संशय. मी वर चढले. त्या मी दार उघडेपर्यंत खाली थांबून बघत राहिल्या.

किल्ली लागली. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

नवरा ओट्यापाशी चहा गाळत होता. ओट्यावर दोन कप होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने वर पाहिलं, आणि एखादं नाव आठवायला लागतो तेवढा वेळ त्याला लागला.

"अरे," तो म्हणाला. "तू पण घेणार?"

"आपण आत्ता निघू या," मी म्हणाले. "बॅग नको, काही नको. फक्त अप्पांना सांग."

त्याचे ओठ 'ब'साठी मिटले. तेवढ्यात बाहेर टिंग झालं. या वेळी दोन्ही संगणकांवर एकदम.

आम्ही दोघंही बाहेर गेलो.

दोन्ही पडद्यांवर एकच चौकट होती. आता ती लाल नव्हती, साधी पांढरी होती, आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालासारखी. 'धोका पूर्णपणे विलग झाला आहे.' खाली दोन बटणं होती. 'काढा' आणि 'ठेवा'. मी बाण त्यांच्यावर नेला. पंजा फक्त बटणांवर होत होता. बटणं खरी होती.

कोपऱ्यात फुली नव्हती.

मी 'ठेवा' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण माझ्या बोटाखाली गडदसुद्धा झालं नाही.

अप्पांनी माझ्या हातातून माउस काढून घेतला. जोर लावला नाही. टेबलावरची वस्तू उचलावी तसा घेतला.

"मान्य एकट्याने करता येतं," ते मुलाला म्हणाले. "प्लँट एकट्याने बंद करायचा नसतो. एकाचा हात बटणावर, दुसऱ्याने मोठ्याने सांगायचं. लहानपणी तुला सांगितलंय मी."

"अप्पा, हे खोटं आहे," मी म्हणाले. "कुणीतरी लांब बसून—"

माझं वाक्य अप्पांपर्यंत पोचलं नाही. ते मुलाकडेच बघत होते.

"आणि दुसऱ्याने दिव्याकडे बघून सांगायचं," ते म्हणाले. "माणसाकडे बघून नाही. माणसाकडे बघितलं की चूक होते."

मी नवऱ्याचा दंड धरला. त्याला ते जाणवलं. त्याने त्या जागी हळूच खाजवलं.

"ठेवा म्हण," मी म्हणाले. "एवढंच म्हण. वेगळं नको राहू या. खोल्या नकोत. मी पुन्हा विषय काढणार नाही. फक्त ठेवा म्हण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला दिसत होते, याबद्दल मला शंका नाही. त्याच्या डोळ्यांत थकवा होता, आणि थकव्याच्या मागे काहीतरी सैल होत चाललं होतं. दाराशी आलेला विक्रेता परत वळताना आपल्याला वाटतं तसं काहीतरी.

मी त्या एका शब्दाची वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच मला तो हवा होता. बघू. तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

अप्पांचं बोट बटणावर होतं.

ओट्यावरच्या दोन कपांतला चहा निवत होता.

त्याने नजर माझ्यावरून काढून पडद्यावर नेली, घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे, मोठ्याने, स्पष्ट आवाजात म्हणाला, "काढा."